टायपिंग क्लासमधलं लिनक्स

सरकारी खिडकीवरून तुमचा अर्ज परत येतो, तेव्हा तो का परत आला हे कोणी सांगत नाही. ‘होणार नाही’ एवढंच. कारखान्याच्या गेटवर एखादीला कामावरून काढतात, तेव्हा ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच. नळाला पाणी का नाही? ‘वरून नाही.’ हे वरचे कोण, हा प्रश्न मी माझ्या पहिल्याच पत्रकाच्या मथळ्यात टाकला होता, आणि त्यालाही उत्तर आलं नाही. कारण न सांगणं हीच खरी सत्ता आहे, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आजही आहे. म्हणून ज्या दिवशी एक यंत्र कोणी न विचारता, आपल्याला काय सापडलं आणि काय सापडलं नाही हे ओळीओळीने सांगू लागलं, त्या दिवशी माझी बोलती बंद झाली. माझी बोलती बंद होणं ही सिल्वासात बातमी होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वडील प्रशासनात कारकून, मूळचे दापोलीकडचे, आणि मी त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून सरकारविरुद्ध पत्रकं काढायचे. वडील म्हणायचे, निदान कागद तरी दुसऱ्याच्या घरचा वापर. आमचा गट म्हणजे पाचसहा टाळकी. त्या वर्षी विषय होता बसचा. मसाटच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींना शिफ्ट सुटल्यावर रांध्याकडे जायला बस नव्हती. टेम्पोत उभ्याने जायच्या. आम्ही मराठीत आणि गुजरातीत पत्रक काढलं, गेटवर वाटलं. तळाला आमची नेहमीची ओळ: वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.

पत्रकाची स्टेन्सिल कापायला आम्ही टोकरखाड्यात बाईंच्या टायपिंग क्लासमध्ये जायचो. बाई खान्देशातल्या, अमळनेरच्या. नवरा इकडे नोकरीला होता. तो वारला, तरी बाई परत गेल्या नाहीत. कॉलनीतल्या तळमजल्याच्या एका खोलीत टाइपरायटरची रांग, भिंतीवर बोटांचा तक्ता, टेबलावर पितळी घंटा. क्लासची शिस्त अशी की मिलिटरीने शिकून जावं. हातांवर पुठ्ठ्याचं झाकण, बोटं दिसता कामा नयेत. नजर डाव्या बाजूच्या कॉपीवर, म्हणजे ज्यावरून उतरवायचं त्या मजकुरावर. की-बोर्डकडे पाहायचं नाही, रोलरवरच्या कागदाकडे तर मुळीच नाही. ‘काय उमटलं ते पाहायचं काम माझं,’ बाई म्हणायच्या, ‘तुमचं काम कॉपी वाचायचं.’ मान वळलेली दिसली की फूटपट्टी टेबलावर आपटायची. मला त्या शिस्तीचा राग यायचा आणि त्यांच्या हातच्या स्टेन्सिलमध्ये एकही चूक नसायची, त्यामुळे राग गिळायला लागायचा.

पण टाइपरायटरचे दिवस भरले होते. कारखान्यांच्या ऑफिसात आता पहिला प्रश्न एकच: ‘कॉम्प्युटर येतं का?’ मुली गळायला लागल्या. अमळनेरला बाईंच्या मोठ्या भावाने एक खोली रिकामी करून ठेवली होती, ये म्हणून सारखा मागे लागला होता. बाईंना ती खोली नको होती. त्या खोलीत गेलं की आपण कोणाची तरी बहीण एवढंच उरतो, असं त्या एकदा बोलून गेल्या. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी सुटे भाग जोडून बनवलेला एक कॉम्प्युटर आणला, वापीच्या एका दुकानदाराकडून, सोबत खडखडणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. मसाटमधल्या एका कारखान्याच्या मॅनेजरने शब्द दिला होता की दिवाळीनंतर येऊन मुली कशा काम करतात ते बघतो, डिस्पॅच सेक्शनला मुली हव्यात. बाईंनी मनाशी ठरवलं होतं: या बॅचच्या मुली लागल्या तर क्लास राहील, नाही तर गाशा गुंडाळायचा.

आणि यंत्र बंद पडलं. काळा पडदा, पांढरी रेघ लुकलुकते, पुढे काही नाही.

वापीचा दुकानदार आला, डबा उघडून पाहिला, म्हणाला, ‘उडी गयुं.’ काय उडालं? ‘सब.’ का उडालं? वायरस असेल. कुठून आला? त्याने खांदे उडवले. मशीन ठेवून जा, बघतो, कधी ते सांगता येत नाही. तुमच्याकडे मूळ सीडी आहे का म्हणे. सीडी त्यानेच दिली नव्हती. मी तिथल्या तिथे त्याच्यावर पत्रक लिहायला घेतलं. मथळाही सुचला: ‘काय उडालं?’ बाईंनी स्टेन्सिल कापायला साफ नकार दिला. ‘आधी कारण कळू दे, मग छाप. तुझं पोरी नेहमी उलटं असतं.’

वरच्या मजल्यावर नाशिकचा एक इंजिनिअर भाड्याने राहत होता, मसाटला प्लास्टिकच्या कारखान्यात शिफ्टवर. त्याला मी गेटवर पत्रक दिलं होतं आणि त्याने ते फेकलं नव्हतं, घडी करून खिशात घातलं होतं. माझ्या हिशेबी तो माणूस निम्मा बरा. जिन्यात त्याने आमची बडबड ऐकली आणि खाली आला. एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर त्याला एक सीडी मिळाली होती. त्यावर लिनक्स नावाचं काहीतरी होतं, यंत्र चालवणारी सगळी व्यवस्थाच. टाकून बघायची त्याची फार इच्छा होती, पण कारखान्याच्या मशीनवर टाकली तर नोकरी जाईल.

‘फुकट आहे?’ बाईंनी विचारलं.

‘फुकट आहे, पण तेवढंच नाही,’ तो म्हणाला, आणि त्याने परवान्याचा मजकूर वाचून दाखवला. कोणीही घ्यावं, उघडून आत कसं चालतं ते पाहावं, हवं तर बदलावं, पुढच्याला द्यावं. अट एकच: पुढच्यालाही हाच हक्क द्यायचा. मला वाटलं तो माझी चेष्टा करतोय. मी कागद हिसकावून घेऊन स्वतः वाचला. आम्ही पाच टाळकी पत्रकाच्या तळाला जी ओळ लिहायचो, ती ओळ जगभरच्या अनोळखी माणसांनी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली होती आणि तिच्यावर एक अख्खं यंत्र उभं केलं होतं. कोणी पगार दिला नाही, कोणी हुकूम दिला नाही. आमच्याकडे चार जणांना मोर्च्याला जमवायचं तर चहा पाजावा लागतो. मी ते वाचत पायरीवर बसून राहिले.

रविवारी त्याची सुट्टी, तेव्हा कामाला लागलो. तो सांगणार, बाई टाइप करणार, कारण त्यांच्याइतका वेग कोणाचाच नव्हता, आणि मी सीडीवरच्या पुस्तिका वाचणार. सीडीवर ढीगभर पुस्तिका होत्या: मोडेम कसा लावावा, प्रिंटर कसा लावावा, डिस्कचे भाग कसे पाडावेत. सगळ्या लिहिणाऱ्यांनी आपापल्या रिकाम्या वेळात लिहिलेल्या. आणि त्यांची भाषा! एका ठिकाणी लिहिणारा सरळ सांगत होता की हे कार्ड माझ्याकडे नाही, त्यामुळे ते चालतं की नाही मला माहीत नाही; कोणाला जमलं तर कळवा. मला माहीत नाही! मी आजवर इतकी पत्रकं लिहिली, इतक्या सभा ऐकल्या, व्यासपीठावरून ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारा एक माईचा लाल पाहिला नव्हता. आपल्याला काय येत नाही हे छापून टाकणारी माणसं या जगात आहेत, आणि त्यांच्यावर लोक त्यामुळेच विश्वास ठेवतात, हे मला सिल्वासातल्या एका तळमजल्यावर कळलं.

सगळं सुखासुखी झालं असं समजू नका. डिस्कवर सगळं उतरवलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, तर पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं उमटली, एल आणि आय, आणि सगळं ठप्प. इंजिनिअरने कपाळाला हात लावला. मी पुस्तिका चाळली. तिथे लिहिलं होतं की यंत्र जागं करणारा जो छोटा प्रोग्रॅम आहे, त्याचं नाव चार अक्षरांचं आहे, आणि प्रत्येक टप्पा पार पडला की तो आपल्या नावाचं एकेक अक्षर उमटवतो. म्हणजे किती अक्षरं उमटली यावरून कुठे अडलं ते कळावं. दोनच अक्षरं उमटली असतील तर पुढचा भाग डिस्कवर अशा ठिकाणी पडलाय की तिथून तो उचलता येत नाही. तो डिस्कच्या सुरुवातीला आणा.

मी ते तीनदा वाचून दाखवलं. मरता मरता सुद्धा आपण कुठवर आलो ते सांगायचं, अशी तजवीज कोणीतरी बसून केली होती. कोणीतरी विचार केला होता की दूर कुठेतरी, आपल्याला कधीच न भेटणाऱ्या माणसासमोर हे अडेल, आणि त्याच्या हातात निदान दोन अक्षरं असावीत.

‘आणि आपले साहेब,’ मी म्हणाले, ‘अख्खं तोंड असून एक अक्षर नाही काढत.’

‘भाषण नको, पुढारी,’ इंजिनिअर म्हणाला. ‘डिस्कचे भाग परत पाडायचेत.’

पाडले. आणि मग ते झालं, जे मी वर सांगितलं. चारही अक्षरं उमटली आणि पडद्यावर ओळींचा धबधबा सुरू झाला. प्रोसेसर सापडला. मेमरी एवढी आहे. फ्लॉपी आहे, सीडी आहे. साउंड कार्ड ओळखता आलं नाही. ते अमुक मागत होतं, मिळालं नाही, पुढे जातोय. सगळं उघड्यावर. वापीच्या दुकानदाराने ‘सब’ या एका शब्दात गुंडाळलेलं पोट यंत्र स्वतःच फाडून दाखवत होतं.  बाई मात्र कॉपीकडे पाहत होत्या. म्हणजे इंजिनिअरने कागदावर लिहून दिलेल्या आज्ञांकडे. सवयच तशी.

मग चित्रांचा पडदा. त्यासाठी मॉनिटरचा एक आकडा द्यावा लागायचा, किती वेगाने रेघा मारायच्या त्याचा, आणि पुस्तिकेत ताकीद होती की चुकीचा दिला तर मॉनिटर जळू शकतो. मॉनिटरबरोबरचा कागद दुकानदाराने दिलाच नव्हता. इंजिनिअर टेबलामागे घुसून मॉनिटरच्या पाठीवरची पट्टी वाचू लागला. बाई पहिल्यांदाच घाबरलेल्या दिसल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, माझ्याकडे हा एकच आहे.’ त्याने सगळ्यात कमी आकडा दिला. पडदा काळा पडला. आत टिक्क झालं. आम्ही तिघंही मॉनिटरपासून थोडे मागे सरकलो. मग बारीक करड्या विणीचा पडदा उजळला आणि मधोमध माउसची एक काळी फुली.

बाईंनी चष्मा वर केला. ‘इतकं करून मच्छरदाणी आली का?’

प्रिंटरने सगळ्यात जास्त मजा आणली. पहिलं पत्र छापायला दिलं तर पहिली ओळ बरोबर, दुसरी पहिली जिथे संपली तिथून खाली, तिसरी कागदाच्या उजव्या काठाबाहेर. जिन्यासारखं. इंजिनिअर म्हणाला केबल, मी म्हणाले दुकानदार. पुस्तिकेत हा रोग चक्क जिना याच नावाने नोंदवलेला होता, पण कारण वाचून मला काही उमजेना: ओळ पुढे सरकते, पण गाडी मागे येत नाही. कसली गाडी?

बाई हसायला लागल्या. उठल्या, पहिल्या टाइपरायटरपाशी गेल्या, आणि डावीकडची दांडी आम्हाला दाखवली. ती दांडी ओढली की दोन कामं होतात: रोलर कागद एक ओळ वर घेतो आणि वरची गाडी, म्हणजे कॅरेज, परत उजवीकडे सरकते, की टाइप पुन्हा डाव्या कडेपासून सुरू. दोन वेगळी कामं, हात एक. बाईंनी दांडी न ओढता नुसता रोलर फिरवून टाइप केलं, आणि टाइपरायटरवरही तोच जिना उमटला.

‘तुमचं लिनक्स अर्धीच दांडी ओढतंय,’ त्या म्हणाल्या.

तसंच होतं. प्रिंटरला दोन खुणा लागत होत्या आणि लिनक्स एकच पाठवत होतं. एक छोटी फाइल लिहून दुसरी खूण घातली, झालं. पण मी त्या दांडीकडे बघतच राहिले. या डब्यात, या जगातल्या सगळ्यात नव्या वस्तूत, टाइपरायटरची ती गाडी अजून जिवंत होती, नुसती एक न दिसणारी खूण होऊन. आम्ही बाईंचं सगळं जुनं झालं म्हणून हळहळत होतो, आणि त्यांचं जुनं आत बसून होतं.  इंजिनिअरने नंतर ती दांडी स्वतः ओढून पाहिली, लहान मुलासारखी, दोनदा.

बॅच सुरू झाली. रांध्याच्या, मसाटच्या, टोकरखाड्याच्या मुली पाळीपाळीने कॉम्प्युटरवर बसायच्या, बाकीच्या टाइपरायटरवर. पत्र लिहायचं, साठवायचं, छापायचं. सकाळी यंत्र सुरू करताना फार वेळ लागायचा, डिस्क कुरकुरत राहायची, पण बाई म्हणायच्या जुना टाइपरायटरही थंडीत तसाच करतो. आणि मग मॅनेजर येणार त्याच्या आदल्या आठवड्यात, एका सकाळी, यंत्र मध्येच थांबलं. पासवर्ड मागायला लागलं. पुढे जाईना.

इंजिनिअर शिफ्ट संपवून आला, त्याने डिस्क तपासणारी आज्ञा दिली, यंत्राने ढीगभर प्रश्न विचारले, त्याने हो हो म्हटलं, यंत्र चालू झालं. पण तो गंभीर होता. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला की डिस्क मरायला टेकलीय, आज उठली, उद्याचं सांगता येत नाही. नवी डिस्क बाईंच्या ऐपतीबाहेर होती. बाई मुलींची पत्रं तपासत राहिल्या. मी दुकानदारावरचं पत्रक परत बाहेर काढलं. मरणारी डिस्क विकणाऱ्याला सोडायचं का? बाईंनी मान वर न करता सांगितलं की स्टेन्सिल मिळणार नाही.

आम्ही बसून होतो आणि क्लास सुटायची वेळ झाली. बाईंनी घंटा वाजवली. मुलींनी एका तालात हात उचलले, कागद काढले, टाइपरायटरवर कव्हरं चढवली. कॉम्प्युटरवरच्या मुलीनेही हात उचलले, मॉनिटरवर कव्हर घातलं. बाई दाराशी गेल्या, भिंतीवरच्या मेन स्विचची मूठ धरली आणि खाली ओढली. पंखा मंदावला. कव्हराखालचा हिरवा दिवा विझला. मग त्यांनी उदबत्ती लावली.

इंजिनिअर स्विचकडे बघत होता. ‘बाई,’ त्याने हळूच विचारलं, ‘हे रोज असंच?’

‘मग? शॉर्टसर्किट झालं म्हणजे? क्लास उघडला तेव्हापासून असंच.’

तो तिथेच टेबलावर बसला. त्याने समजावलं: लिनक्स जे लिहायचं ते लगेच डिस्कवर लिहीत नाही, काही काळ मनात ठेवतं, आणि ‘आता बंद हो’ असं रीतसर सांगितलं की सगळं उतरवून घेऊन मग बंद होतं. वीज कापली की मनातलं मनात राहतं आणि डिस्कवर अर्धवट नोंदी. रोज संध्याकाळी आपण त्याचा गळा दाबत होतो आणि रोज सकाळी ते बिचारं आपल्या जखमा धुऊन उठत होतं. डिस्क धडधाकट होती.

‘आणि ते बोललं नाही?’ बाईंनी विचारलं.

‘रोज बोलत होतं. सुरू होताना पहिल्या पानावर. नीट बंद केलं नव्हतं, तपासतोय, असं स्पष्ट लिहून.’

कोणी वाचलंच नव्हतं. इंजिनिअर सकाळी नसायचा, मी उशिरा यायचे. आणि त्या खोलीत ज्या होत्या, त्यांना काय उमटतं तिकडे पाहायचं नाही, हेच तर शिकवलं होतं. बाईंनी स्वतः शिकवलं होतं, फूटपट्टी आपटून. त्यांनी उदबत्तीची राख झटकली. मग म्हणाल्या, ‘सांगणारं यंत्र आणलं आणि बघायचं नाही म्हणून बसले.’

मॅनेजर आला तो मुंबईचा, पांढरा शर्ट, घाईत. इंजिनिअर शिफ्टवर. एक मुलगी कॉम्प्युटरवर बसली, त्याने मालाच्या रवानगीचं पत्र तोंडी सांगितलं, ती टाइप करत गेली, छान चाललं होतं. आणि लाइट गेली. आमची नव्हे, कॉलनीची. मी खिडकीतून वीजखात्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. थोड्या वेळाने आली. यंत्र उठलं, ओळी धावल्या, आणि पुन्हा तिथेच थांबलं. पासवर्ड.

मुलीने हात उचलून बाईंकडे पाहिलं. मॅनेजरने घड्याळ पाहिलं. म्हणाला, ‘टेक्निशियनला बोलवा, मी परत कधीतरी येतो.’ परत कधीतरी म्हणजे काय ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. अमळनेरची खोली माझ्या डोळ्यांसमोर आली, मी ती कधी पाहिली नसताना.

बाई त्या मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. ‘कॉपी बाजूला ठेव,’ त्या म्हणाल्या. ‘वर बघ. वाच काय लिहिलंय.’

तिला ते अवघड गेलं. तिची मान आपोआप डावीकडे वळत होती. बाईंनी तिची हनुवटी दोन बोटांनी सरळ केली. ती अडखळत इंग्रजी वाचू लागली, बाकीच्या मुली टाइपरायटर सोडून मागे जमल्या, एकीला एक शब्द, दुसरीला दुसरा. नीट बंद झालं नव्हतं. हाताने तपासा. पासवर्ड द्या. बाईंनी पासवर्ड दिला. मुलीने पडद्यावर सांगितलेली तपासणीची आज्ञा टाइप केली आणि यंत्र म्हणालं, असलं काही इथे नाही. तिने परत टाइप केली, यंत्र परत तेच.  मग बाई पडद्यावर वाकल्या, अक्षरन् अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, ‘एकचा आकडा दाब, माय. एल नको.’ आज्ञेच्या शेवटी डिस्कच्या भागाचा आकडा होता, एक; आणि आमच्या जुन्या टाइपरायटरवर एक हा आकडाच नाही. छोटा एल दाबून एक काढायचा असतो, आणि त्या मुलींच्या बोटांत तेच मुरलं होतं. एक दाबला. यंत्र चालू झालं.

प्रश्न यायला लागले. ही नोंद अर्धवट आहे, दुरुस्त करू? ही सुटी पडलीय, जोडू? मुली एका सुरात वाचायच्या आणि उत्तर द्यायच्या, हो. हो. हो. मॅनेजर जायला निघाला होता तो दारात थांबला, मग आत आला, मग खुर्ची ओढून बसला. मी इतकी आंदोलनं केली, पण प्रश्न विचारला की उत्तर मिळतं आणि उत्तर दिलं की गोष्ट दुरुस्त होते, असा कारभार आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. आपण काहीतरी मोठं पाहतोय असं वाटलं, आणि ते काय, हे सांगायला माझ्याकडे एकही घोषणा नव्हती.

शेवटी नाव विचारणारी ओळ उमटली. मागून कोणीतरी म्हणालं, ‘चालु थई गयुं.’ पत्र निम्मं गेलं होतं. मुलीने ते पुन्हा टाइप केलं, छापलं, मॅनेजरच्या हातात दिलं. जिना नव्हता.

त्याने वाचलं. म्हणाला, ‘बाई, चांगलं आहे. पण आमच्याकडे ही सिस्टिम नाही. आमचं वेगळंच आहे.’

‘असू द्या साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘जे असेल ते वाचतील.’

तो पत्र घडी करून घेऊन गेला. पुढचे काही दिवस बाईंनी मला स्टेन्सिलला हात लावू दिला नाही. मग कारखान्यातून निरोप आला. तीन मुलींना बोलावलं, त्यातल्या दोघींना ठेवून घेतलं. तिसरीला का नाही, हे अर्थातच कोणी सांगितलं नाही, आणि ते विचारायला मी गेटवर गेले ती हकीकत वेगळी. पण त्या दोघी लागल्याचं कळताच नव्या बॅचला मुली यायला लागल्या, रांध्याहूनही.

त्या संध्याकाळी बाई मला घेऊन चौकातल्या एसटीडी बूथवर गेल्या. आत उकडत होतं म्हणून मी काचेचं दार पायाने उघडं धरून उभी राहिले. अमळनेरला लागायला वेळ लागला. पलीकडे भाऊ असावा, तो बराच वेळ बोलत होता, बाई नुसत्या हं, हं करत होत्या. मग त्यांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानाला नेला.

‘दादा,’ त्या म्हणाल्या, ‘ती खोली भाड्याने देऊन टाक.’